आडनाव विचारणाऱ्याकडून पावती घ्या



परदेशी निघालेल्या पोराला घरचे बजावून सांगतात. पाकीट सांभाळ. रात्री एकटा फिरू नकोस. अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नकोस. आणि शेवटी, तिथं आपली माणसं भेटली की त्यांना धरून राहा. लंडनला शिकायला गेलो तेव्हा पहिल्या तिन्ही गोष्टी मी पाळल्या. रस्त्यावर आणलं ते चौथीनं.

एका मराठी कुटुंबाच्या घरात खोली मिळत होती. मालकांनी आधी आडनाव विचारलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळेना. मग गाव विचारलं. मग हसत, "म्हणजे तुम्ही नेमके कोणापैकी?" मीही हसलो आणि "आम्ही नगरकडचे" म्हणून वेळ मारून नेली. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते. दोन महिन्यांची अनामत रोख दिली. पावतीचं विचारलं तर म्हणाले, "आपल्या माणसांत कसली पावती?" आणि मलाच आपण काही वावगं बोललो असं वाटलं.

बाबासाहेबांचा फोटो बॅगेत कपड्यांच्या तळाशी राहिला. 6 डिसेंबरला मात्र राहवलं नाही. टेबलावर फोटो ठेवला, मेणबत्ती लावली, वंदन केलं. मालक दारात येऊन बघून गेले, बोलले काही नाहीत. तिसऱ्या दिवशी निरोप आला : भारतातून पाहुणे येताहेत, रविवारपर्यंत खोली मोकळी करा. अनामत? ती रंगकामात आणि साफसफाईत गेली.

बघा, जातीवाचक शब्द एकही नाही. परदेशात जात शिवी देत नाही, तिच्याकडे फक्त अचानक पाहुणे येतात.

विहारात एकदाच भेटलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं मला चार रात्री घरात घेतलं. 'असं का झालं' हे त्यानं विचारलंच नाही. ते त्याला ठाऊक होतं. त्यानं विचारलं, "पावती आहे का?" मी मान खाली घातली.

मग त्यानं समजावलं. इंग्लंडमध्ये भाडेकरूची अनामत घरमालकाला 30 दिवसांच्या आत सरकारमान्य ठेव-संरक्षण योजनेत ठेवावी लागते. पण मालक राहतो त्याच घरात आपण खोली घेतली, तर सहसा हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे जिथं 'आपली माणसं' म्हणून आपण निर्धास्त होतो, तिथंच लेखी कराराची आणि बँकेतून पैसे देण्याची गरज जास्त.

काही मित्र म्हणतात, जात सांगूच नये, तेवढंच सुरक्षित. मी ते करून पाहिलं आहे. गप्प राहिल्यानं मला जेमतेम अडीच महिने खोली मिळाली. कागद असता तर दाद मागता आली असती.

बाबासाहेबांचं 1917 आठवा. लंडनहून परतताना त्यांचं सामान वेगळ्या बोटीनं निघालं होतं. महायुद्धात ती बोट बुडवली गेली, पुस्तकं समुद्रात गेली. पण सामानाचा विमा उतरवलेला होता. थॉमस कुककडून 600 रुपये भरपाई मिळाली आणि हलाखीच्या त्या दिवसांत तीच उपयोगी पडली. पुढं बडोद्यात पारशी वसतिगृहातून काठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. न्यूयॉर्क-लंडनमध्ये जे घडलं नव्हतं ते स्वदेशात घडलं. आज ती बडोद्याची मनोवृत्ती विमानात बसून लंडनला पोचली आहे. म्हणून आपली तयारीही बाबासाहेबांसारखी पक्की हवी.

ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात जात स्वतंत्रपणे नोंदलेली नाही. पण तिर्की खटल्यात 2014 साली अपिलीय न्यायाधिकरणानं मान्य केलं की जात 'वांशिक मूळ' या सदरात येऊ शकते. तिर्की या घरकाम करणाऱ्या आदिवासी बाई. त्यांचा पासपोर्ट मालकांनी स्वतःकडे ठेवला होता. 2015 साली किमान वेतनाच्या थकबाकीपोटी त्यांना 1 लाख 80 हजार पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. अमेरिकेत सिॲटल शहरानं 2023 साली जातिभेदावर बंदी घातली. दाद मागायला जागा आहे, पण तिथं जाताना हातात पुरावा लागतो.

म्हणून निघण्याआधी एवढं करा. पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र आणि विम्याच्या प्रती स्वतःच्या ईमेलवर आणि घरी ठेवा. पासपोर्ट घरमालकाच्या वा मालकाच्या ताब्यात देऊ नका. आखातात कामाला जाणाऱ्या भावानं एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासावी. भाडं बँकेतूनच द्या, बोलणं मेसेजवर ठेवा. ब्रिटनमध्ये तातडीला 999, युरोपात 112, अमेरिकेत 911. आणि विमानात बसण्यापूर्वीच तिथल्या किमान दोन आंबेडकरी कार्यकर्त्यांशी बोलून ठेवा. त्या चार रात्री मला छप्पर मिळालं ते याच नात्यानं.

माझी अनामत परत मिळाली नाही. पुढच्या खोलीत मात्र मी पहिल्याच दिवशी दोन कामं केली. करारावर सही घेतली आणि टेबलावर फोटो ठेवला.

जय भीम!