देगलूरच्या खडकावर सायकल

मंडळी, सायकल म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? हँडलला दुधाची किटली, कॅरियरवर दळणाचा डबा, दांडीवर बसवलेले पोर. पण उघड्या खडकावर चढायचे आणि उतरायचे, एवढ्याचसाठी सायकल चालवणारे लोकही जगात आहेत. अमेरिकेच्या युटा राज्यात मोआब नावाचे गाव आहे. तिथल्या वाळवंटातल्या वालुकाश्मावर १९६९ साली मोटारसायकलींसाठी एक वाट आखली गेली. पुढे ती सायकलवाल्यांनीच जास्त गाजवली. त्या खडकाला तिकडे निसरडा खडक म्हणतात. निसरडा कुणाला? तर घोड्याच्या लोखंडी नालाला! रबरी टायर त्यावर घट्ट धरून राहते.

असा उघडा खडक आपल्याकडेही आहे. तो पाहायला गेल्या पौषात पुतण्याला घेऊन मी उदगीरहून देगलूरकडे सायकलने निघालो. त्याची सायकल नवी, गिअरची. माझी जुनी, काळी, जड.

तुम्ही या रस्त्याने गेलात तर जमिनीकडे लक्ष ठेवा. उदगीरकडे काळे रान, वाळत आलेली तूर, घाट्यावर आलेला हरभरा. खालचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीच्या बाजूला आलात की रान पालटते. माती तांबूस, रेताड होते आणि माळावर ग्रॅनाइटचे गोल धोंडे दिसू लागतात. हा खडक काळ्या दगडाच्या कितीतरी आधीचा. कांद्याच्या पापुद्र्यासारखे त्याचे थर सुटतात, म्हणून त्याची पाठ म्हशीच्या पाठीसारखी गोल राहते.

अशाच एका खडकाच्या पायथ्याशी गुरे राखणारे एक आजोबा भेटले. म्हणाले, "पावण्या, नाल मारलेला बैल आम्ही ह्या दगडावर नेत न्हाई. पाय सटकतो." मला मोआबचे घोडे आठवले. मी म्हटले, "आजोबा, आमच्या चाकाला रबर आहे." आजोबा नुसते हसले.

वर चढताना खरेच मजा आली. कोरडा, खरबरीत दगड टायरला सोडत नव्हता. पुतण्या पुढे उतरला. मीही त्याच्या मागे सायकल सोडली. उताराच्या मध्यावर खडकाच्या खोलगटात मुरमाची बारीक खर साचली होती. ती पाहून मी घाबरलो आणि पुढचा ब्रेक करकचून दाबला. खर छऱ्यांसारखी चाकाखालून निसटली. कोपर सोलले, गुडघा सुजला, हँडल वाकडे झाले. आजोबांनीच हात देऊन उठवले. म्हणाले, "आधी पायानं बगावं, मग चाकानं."

मंडळी, मला दगडाने पाडले नाही. दगडावरच्या सुट्या खरीने पाडले, आणि न पाहता उतरण्याच्या माझ्या घाईने. तुमच्या गावची वाटही कुठेतरी खडकावरून जात असेल. तुमची मुले त्याच वाटेने शाळेला जात असतील. म्हणून एवढे त्यांना सांगून ठेवा. उतार आधी चालून पाहावा. उतरताना अंग मागे घ्यावे आणि मागचा ब्रेक आधी, हलक्या हाताने धरावा. खर दिसली की तिच्या अलीकडेच वेग कमी करावा. खरीवर ब्रेक दाबू नये, हँडल वळवू नये. टायरमध्ये हवा अगदी टणक नको, फार कमीही नको, नाहीतर रिम दगडावर आदळून ट्यूब फाटते. पावसाळ्यात खडकावर काळे शेवाळ धरते. तेव्हा तिथे सायकल हातात धरूनच न्यावी.

उरलेला उतार मी पायीच उतरलो. पुतण्या खाली वाट पाहत उभा होता, पण हसला नाही. परतीच्या वाटेवर एक अवघड उतार आला, तेव्हा मी काही न बोलताच तो सायकलवरून खाली उतरला. देगलूरच्या सहलीत मला सगळ्यात जास्त आवडले ते हेच.