साभार परत ते स्वखर्चाने

पैठणला लोक नाथांच्या समाधीसाठी जातात, जायकवाडीचं पाणी बघायला जातात, पैठणी घ्यायला जातात. गुणाढ्यासाठी कुणी जात नाही. छत्रपती संभाजीनगरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या या गावात, म्हणजे तेव्हाच्या प्रतिष्ठानात, सातवाहन राजाच्या पदरी हा पंडित होता, असं सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त येतं. राजाला संस्कृत किती दिवसांत शिकवता येईल यावरून पैज लागली. गुणाढ्य हरला आणि बोलल्याप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडून रानात गेला. तिथे पैशाची भाषेत त्याने सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. शिष्य ते बाड घेऊन दरबारात गेले. राजाने भाषा पाहिली, रक्त पाहिलं आणि बाड परत पाठवलं. मराठी लेखकांच्या पाचवीला पुजलेला ‘साभार परत’चा शेरा इतका जुना आहे. त्या वेळी साभारसुद्धा नव्हता, एवढाच फरक.

पुढचा भाग जास्त कामाचा. गुणाढ्याने टेकडीवर आगटी पेटवली, एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं असं सुरू केलं. हरणं, रानडुकरं, पाखरं चरणं-टिपणं विसरून ऐकत बसली. रानातली जनावरं रोडावली, राजाच्या ताटातलं मांस सुकं पडलं, चौकशी झाली आणि राजा स्वतः धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते, लाखभर हाती लागले. दंतकथाच ही. पण दरबाराने नाकारलेल्या लेखकाने दुसऱ्या दरबाराचा पत्ता शोधला नाही, तो ऐकणाऱ्यांसमोर जाऊन बसला, एवढी गोष्ट तिच्यातून उचलण्याजोगी आहे.

आज संभाजीनगरात कथा लिहिणाऱ्याला प्रकाशकाच्या दरबारातून येणारं उत्तर ठरलेलं असतं. “कथासंग्रह चालत नाहीत हो. कादंबरी असेल तर बघू.” हे वाक्य मराठवाड्यातल्या कथालेखकाला इतक्यांदा ऐकावं लागतं की पुढे पुढे तोही तेच बोलायला लागतो. वास्तविक साहित्य अकादमीने २०१२ साली जयंत पवारांच्या कथांना, २०१६ साली परभणीच्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला आणि २०२१ साली किरण गुरव यांच्या कथांना पुरस्कार दिला. दहा वर्षांत तीन कथासंग्रह! तेव्हा कथा खंगली आहे असं म्हणता येत नाही. खंगला आहे तो तिचा रस्ता. याच शहरात प्राचार्य म्हणून नोकरी केलेल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये इथेच निवर्तलेल्या रा. रं. बोराडे यांचा ‘पेरणी’ हा पहिला संग्रह १९६२ साली आला, तेव्हा लेखकाचं वय जेमतेम बावीस. त्या पिढीला मासिकं होती. कथा आधी मासिकात छापून यायची, चार लोक वाचायचे, दोघे नाकं मुरडायचे, आणि मग संग्रह. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. आता वर्षाकाठी दिवाळी अंक तेवढे उरले, आणि तिथेही नवख्याला जागा मिळाली तर मिळाली.

मग उरतो स्वखर्च. हा शब्द उच्चारताना लेखक उगाच आवाज खाली आणतो. पैसे देऊन छापून घेतलं, म्हणजे कुणी विचारलं नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ स्वतःच प्रसिद्ध केली. त्या मजकुराला दुसरा कोण हात लावणार होता? हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे स्वतःचं साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘स्फुट गोष्टी’ लिहिल्या. मराठी लघुकथेची वाट जिथून निघाली, ते घरचंच अंगण होतं.

संभाजीनगरचंही तेच. गंगाधर पानतावणे यांनी प्राध्यापकी सांभाळून साठीच्या दशकाच्या अखेरीपासून ‘अस्मितादर्श’ चालवलं, आणि दलित लेखकांच्या किती पिढ्या त्या त्रैमासिकात पहिल्यांदा छापून आल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले. तिकडे भालचंद्र नेमाडे, चंद्रकांत पाटील या मंडळींनी ‘वाचा’ हे अनियतकालिक काढलं. नेमाड्यांचा ‘मेलडी’ हा कवितासंग्रह १९७० साली वाचा प्रकाशनानेच तेव्हाच्या औरंगाबादेतून आणला. ‘कोसला’ येऊन सात वर्षं झाली होती, नाव झालेलं होतं, तरीही. साकेत प्रकाशन उभं करणारे बाबा भांड मुळात लेखक. तात्पर्य, लेखकाने हात काळे केल्याशिवाय इथे फारसं काही छापलं गेलेलं नाही.

तरी कवी पुढे गेले आणि कथाकार मागे राहिले, याचं कारण वाङ्मयीन नाही, कागदाचं आहे. कवितेचं पुस्तक चौसष्ट पानांत उरकतं. कथासंग्रहाला सव्वाशे-दीडशे पानं हवीत. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर १२८ पानांचे आठ फर्मे. आता गंमत अशी की लेखकाच्या चांगल्या कथा भरतात ११८ पानं. फर्मा अर्धवट कोरा कसा सोडायचा? मग कॉलेजच्या वार्षिकांकातली जुनी कथा शोधून काढली जाते आणि शेवटी डकवली जाते. परीक्षण लिहिणारा नेमकी तीच कथा वाचतो.

डीटीपीच्या टेबलाशी घटकाभर बसलं तर या धंद्याचं सगळं व्याकरण कळतं. लेखकाने मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला असतो. ऑपरेटरचा हात श्रीलिपीवर बसलेला. मजकूर एका फाँटातून दुसऱ्यात ओतला की जोडाक्षरं मान टाकतात. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि अजिंठ्याच्या डोंगरात हिंडणारा नायक एकदम समुद्रात जातो. पहिल्या प्रुफात शे-दीडशे चुका निघतात, दुसऱ्यात तीस, तिसरं प्रूफ कुणी बघत नाही, कारण प्रकाशन समारंभाची तारीख ठरलेली असते, पाहुण्यांनी होकार दिलेला असतो आणि सभागृहाचं भाडं भरून झालेलं असतं. मुखपृष्ठावर मात्र महिनाभर चर्चा झालेली असते.

स्वप्रकाशनात खरी उणीव पडते ती इथे. छापखाना मिळतो. आयएसबीएन तर केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय संस्था फुकट देते. ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतःच्या नावानेही तो करू शकतो. असं असताना या क्रमांकाचे वेगळे पैसे लावणारे ‘प्रकाशक’ बाजारात आहेत, हे नव्या लेखकाने ध्यानात ठेवावं. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकाला हात देते. डिजिटल छपाईमुळे पाचशे-हजार प्रतींचे गठ्ठे दिवाणाखाली कोंबायचीही गरज राहिलेली नाही. शंभर प्रती काढता येतात, संपल्या की आणखी शंभर. एवढं सगळं हाताशी असतं आणि संपादक नसतो. ही कथा तिसऱ्या पानावर सुरू होते, आधीची दोन पानं काढ, असं सांगणारं माणूस नसतं. प्रकाशकाचं काम अंगावर घ्यायचं तर त्याच्या नकाराचं कामही अंगावर घ्यावं लागतं, आणि ते स्वतःच्या लेखणीवर चालवणं फार जड जातं.

लिओनार्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९१७ साली रिचमंडच्या घरात, जेवणाच्या टेबलावर मावेल एवढं हातछपाईचं यंत्र बसवलं. त्यावर पहिलं पुस्तक काय छापलं, तर ‘टू स्टोरीज’. एक कथा त्याची, एक तिची. प्रती जेमतेम दीडशे. तिथे मोठेपणाचा आव नव्हता, फर्मा भरण्याची घाई नव्हती, दहा कथा हव्यातच असा हट्ट नव्हता. आपल्याकडे दोन कथांची पुस्तिका काढायला कुणाची हरकत आहे? पण संग्रह म्हणजे बारा कथा, एका ज्येष्ठाची प्रस्तावना आणि मलपृष्ठावर परिचय, हे आपण कुठल्या तरी अलिखित नियमासारखं धरून बसलो आहोत.

मोबाइलवरचा रस्ताही आहेच. बंगळुरूत २०१४ साली सुरू झालेल्या प्रतिलिपीवर मराठी कथांचा पूर आहे, किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तकं आली. तिथे वाचक लगेच भेटतो, हे खरं. पण तो पुढचा भाग कधी, असं विचारतो. कथा मालिकेसारखी लांबत जाते, आणि लघुकथा नेमकी जिथे थांबायला हवी तिथे तिला थांबू दिलं जात नाही. सरसकट सगळ्यांचं असं होत नसेल, बहुतेकांचं होतं.

छापील पुस्तकाचं दुखणं वेगळं. वितरक आणि दुकानदार मिळून किमतीच्या निम्म्यापर्यंत घेतात, त्यांनाही पोट आहे. टपालाने पाठवावं तर स्वस्त बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली; मे २०२५ मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ आली, तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पण ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी. कथासंग्रह यातल्या कशात मोडतो हे खिडकीपलीकडचा माणूस ठरवणार. म्हणून बीड-परभणीकडचे गठ्ठे एसटीच्या पार्सलने गेले तर नवल नाही. शिवाय १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर, म्हणजे इथे लेखकावरच, एक जबाबदारी आहे: तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरावीक ग्रंथालयांना पदरचा खर्च करून प्रत पाठवायची. फार थोडे लेखक ती पाळतात. पाळावी. गावातलं वाचनालय बंद पडलं, घरच्यांनी रद्दी काढली, तरी एक प्रत कुठेतरी नोंदीत राहते.

मात्र सगळ्यात जास्त पुस्तकं जातात ती ‘सप्रेम भेट’ या दोन शब्दांखाली. समारंभाला आलेल्या पन्नास जणांत पस्तीस भेटप्रतीचे धनी असतात. प्रत घरी जाते, टीपॉयवर पडते, वरून वर्तमानपत्र येतं. लेखक दोन महिने वाट पाहतो, मग विचारतो, “वाचलं का?” उत्तर येतं, “चाळलं. छान आहे.”

तेव्हा ओळखीतल्या कुणी पदरचे पैसे घालून कथासंग्रह काढला, तर ‘माझी प्रत ठेव’ म्हणण्याआधी खिशात हात घाला आणि छापील किंमत मोजा. चारजणांना घरी बोलावून त्याला एक कथा वाचायला लावा. आणि कुठे कंटाळा आला ते तोंडावर सांगा, दुसरी शंभर प्रतींची छपाई अजून व्हायची आहे.