स्पष्ट दिसण्याची गोष्ट

‘एचडी’ या शब्दाला आता कोणी अडखळत नाही. घरात नवा टीव्ही आला, की पाहुणा चहाचा कप हाती घेता घेता विचारतो, ‘‘एचडी आहे ना?’’ उत्तर ‘हो’ आले, की समाधानाने मान हलवतो. पण एचडी म्हणजे नेमके काय, असे उलट त्यालाच विचारले, तर तो कपात पाहू लागतो.

वास्तविक हे नाव जुने आहे. १९३६ साली बीबीसीने लंडनहून ४०५ ओळींचे चित्र प्रक्षेपित केले, तेव्हा त्यालाच ‘हाय डेफिनिशन’ म्हटले गेले. कारण त्याआधीचे बेअर्डचे चित्र होते अवघ्या ३० ओळींचे! २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते ६२५ ओळींवर, आणि त्यांतल्या प्रत्यक्ष चित्राच्या ५७६. आजच्या पूर्ण एचडीच्या ओळी १०८०. उंच कोणाला म्हणायचे, हे शेजारी कोण उभा आहे त्यावर ठरते, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या गृहिणींना ही गोष्ट समजावून सांगायला नको. ठिपक्यांची रांगोळी आठवा. जागा तेवढीच, पण ठिपके जितके जास्त, तितकी मोराच्या पिसाऱ्याची नक्षी बारीक. जुने डिजिटल चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपक्यांचे. एचडीचे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांचे. बरोबर पाचपट!

जळगावहून भुसावळकडे जाताना नशिराबाद लागते. तिथे माझे मामा राहतात. मामींना मालिकेतली माणसे ओळखू येईनात. सासू कोणती नि सून कोणती, हे आवाजावरून ठरवावे लागे. म्हणून केळीचे पैसे हाती येताच मामांनी ४३ इंची एचडी टीव्ही आणला. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. ‘‘अरे, पैसे एचडीचे घेतले आणि चित्र जुनेच दिले. तू ये नि बघ.’’

मी गेलो. दुकानदार बिचारा निर्दोष होता. टीव्ही एचडी होता. पण त्याला जोडलेला डबा जुना, वायर पिवळ्या टोकाची, आणि घेतलेल्या वाहिन्याही साध्याच. चार लाख ठिपके येणार आणि पडदा उरलेले अंदाजाने भरणार! अंदाजाने भरलेल्या रांगोळीत मोराचा डोळा कुठून येणार? चित्र टिपणारा कॅमेरा, प्रक्षेपण, डबा, वायर, पडदा, ही एक साखळी आहे. एक कडी साधी असली, की पुढचे सारे साधेच.

डबा बदलला, एचडीएमआयची वायर आली, एचडी वाहिन्यांचे जादा पैसे भरले. तरी मामींचा झोपाळा ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, पडद्यापासून बारा फुटांवर. एचडीचा बारकावा दिसायचा, तर पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसावे लागते; म्हणजे इथे साधारण सव्वापाच फुटांवर. बारा फुटांवरून माणसाच्या डोळ्याला दोन्ही चित्रांतला फरक फारसा कळतच नाही. आम्ही खुर्ची पुढे सरकवली. मामांना क्रिकेटच्या चेंडूची शिवण दिसू लागली. ते हरखून म्हणाले, ‘‘आता बघ गं!’’

मामी बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘धुक्यातूनच दिसतंय हो अजून.’’

मामा एकदम गप्प झाले. साखळीतली शेवटची कडी आम्ही कोणी मोजलीच नव्हती. मामींनीही वर्षभर ‘टीव्ही बिघडलाय’ म्हणत ती झाकून ठेवली होती. डोळ्याचे नाव काढले तर खर्च निघेल, ही त्यांची धास्ती. दुसऱ्या दिवशी जळगावला डॉक्टरांनी सांगितले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

महिन्याभराच्या अंतराने दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या. खर्च नव्या टीव्हीइतका आला नाही. दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा मी शेजारीच होतो. मामींनी आधी खिडकीबाहेर पाहिले, मग मामांकडे. आणि पाहतच राहिल्या. ‘‘अहो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही किती वाळलात! मला कोणी सांगितलं कसं नाही?’’

मामा काही बोलले नाहीत. आता नशिराबादला टीव्ही रात्री लौकर बंद होतो, आणि मामांच्या ताटात तुपाची धार जरा मोठी पडते.