नियम कडक आहेत, पण कुणाला?

"आजकालच्या पोरांना कुणाचा धाकच राहिला नाही." वसमत रोडवर कुठंही चहाला थांबा, अर्धा कप संपायच्या आत हे वाक्य ऐकू येतंच.

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला तेव्हा तर अख्खा महाराष्ट्र हेच म्हणत होता. सतरा वर्षांचा पोरगा, पोर्शे गाडी, दोन तरुण इंजिनियरांचा जीव गेला आणि जामीन देताना 300 शब्दांचा निबंध! संताप रास्तच होता. पण नियम ढिला होता असं कुठंय? 2019 च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन पोरानं गाडीवर गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड आणि पोराला 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. आता संध्याकाळी आपल्या गावातल्या कोणत्याही क्लाससमोर उभं राहून दहावीच्या पोरांच्या गाड्या मोजा. चावी बापानंच दिलेली असते.

त्याच घरातल्या पोरीचं बघा. तिच्या हातात मोबाईल दिसला, कुणाशी दोन शब्द बोलताना दिसली, की शाळा बंद आणि स्थळ बघणं सुरू. पोराला गाडी, पोरीला नवरा. धाक नाही म्हणता? धाक इतका आहे की विचारू नका, फक्त तो सगळा पोरीच्या वाट्याला आलाय.

जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण कौतुकानं म्हणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) वीस ते चोवीस वयाच्या ज्या बायका होत्या, त्यांच्यातल्या 48 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा 22 च्या आसपास, आणि यादीत वर आपण.

सगळा दोष आईबापाच्या डोक्यावर टाकून मोकळं होता येत नाही, हेही खरं. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात, उचल जोडीवर मिळते. सहा महिने कारखान्याच्या फडावर जायचं तर वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? याचं उत्तर गावाकडं नसतं. मग पंधराव्या वर्षी हात पिवळे.

2006 च्या कायद्यात 2 वर्षं सक्तमजुरी आणि 1 लाख दंड आहे. नुसतं त्या लग्नाला हजर राहणंसुद्धा त्यात धरलंय. म्हणजे पंगतीत बसलेला पुढारीही आला बरं का! पण लोक हुशार. साखरपुडा म्हणून जमतात आणि तिथंच अक्षता टाकून मोकळे होतात. 1098 वर फोन करणाऱ्याला एकच भीती असते, नाव फुटलं तर गावात राहायचं कसं.

म्हणून पोरांसाठी आणखी कडक नियम करा म्हणणाऱ्यांना विचारतो, जे आहेत ते मोठ्यांना कधी लावणार? खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो. तुळशीचं लग्न झालं की तिथी सुरू होतात, पत्रिका त्याच्याही टेबलावर येते. शाळेतून पोरीचा निर्गम उतारा मागवून जन्मतारीख बघायला किती वेळ लागतो?