कोटजाईच्या काठून

आंजर्ले, गुरुवार

प्रिय बाबा,
सप्रेम जयभीम.

सुखरूप पोचले. जोग नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की आंजर्ले. पूल नव्हता तेव्हा हर्णैकडून येणारी माणसं तरीतून उतरायची. आजही वादळाची बातमी आली की हर्णैच्या होड्या आसऱ्याला याच खाडीत शिरतात.

आपल्या नागपूरकरांना पाणी म्हणजे अंबाझरी, फार तर गोसीखुर्दचा कालवा. इथले कालवे वीतभर रुंदीचे. पाट म्हणतात त्यांना. घरामागे वाडी, वाडीत विहीर. पूर्वी रहाट होता, आता पंप. पाणी पाटातून निघतं आणि एकेका पोफळीच्या आळ्यात शिरतं. आळं भरलं की घरमालकीणकाकू खोऱ्याने माती ओढून तोंड बुजवतात, पोफळीची विरी आडवी लावतात आणि पुढचं आळं उघडतात. तासभर हेच चालतं. मी मदतीला गेले आणि एक आळं फोडून आले. काकू हसल्या, "बायो, तू आपली बघत बस." वाडीत मधेच आभाळ दिसतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिथली झाडं गेली. नवी लावलीत, पण पोफळ काही चार दिवसांत छपराएवढी होत नाही.

उद्या पन्हाळेकाजी. पत्र लिहीनच.


दापोली, शनिवार

प्रिय बाबा,
जयभीम.

काल पन्हाळेकाजीची लेणी पाहिली. रात्री इतके पाय दुखत होते की लिहिणं आजवर ढकललं.

दापोलीहून तीसेक किलोमीटर, रस्ता सगळा वळणांचा. गाव वर, लेणी खाली कोटजाईच्या अंगाला. या दिवसांत नदीत पाणी बेताचं. पण हीच कोटजाई पुढे दाभोळच्या खाडीला मिळते आणि दाभोळ म्हणजे जुनं नामांकित बंदर. घाटावरून माल उतरायचा, खाडीतून जहाजावर चढायचा आणि त्या वाटेवर भिक्खूंची वर्षावासाची सोय असायची. महाड, कुडा, कऱ्हाड, कुठलीही लेणी घ्या, जवळपास व्यापाराची वाट सापडतेच. धम्म नुसता राजांनी पसरवला असं आपण शाळेत शिकतो. कोकणात त्याचं बरंचसं श्रेय मला नावाड्यांना आणि सार्थवाहांना द्यावंसं वाटतं.

एकूण २९ लेणी. सर्वांत जुनी तिसऱ्या शतकाच्या आसपासची, हीनयानांची. अगदी साधी, एक खोली आणि बसायला ओटा. पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी यांचा कसून अभ्यास केला, त्यांचा ग्रंथ १९८६ साली निघाला. गावाचं जुनं नाव प्रणालक. शिलाहार राजा अपरादित्याचा मुलगा विक्रमादित्य इथून कारभार बघायचा. त्याचा ११३९ सालचा ताम्रपट आहे.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. मी बुद्ध बघायला गेले आणि दहाव्या लेण्यात भेटला महाचंडरोषण. वज्रयानातला उग्र देव. उजव्या हातात उगारलेलं खड्ग, डाव्या हातात पाश, असं त्याचं रूप. दहाव्या-अकराव्या शतकांत इथे वज्रयानी साधक राहत होते. तुमच्या कपाळावरची आठी मला इथून दिसतेय. बाबासाहेबांच्या धम्मात तंत्रमंत्राला जागा नाही, हे मला पाठ आहे आणि पटतंही. पण आपल्याला नको म्हणून कोरलेलं पुसलं जात नाही. हाच देव अचल या नावाने चीनमार्गे जपानात पोचला. तिथे तो फुडो म्यो-ओ. तोक्योजवळच्या नारिताला त्याचं मोठं देऊळ आहे आणि नव्या वर्षाला तिथे लाखो लोक लोटतात. दापोली तालुक्यातल्या डोंगरातला देव नारितात सापडतो, हे मला भारी वाटलं.

पुढे शैव आले, मग नाथपंथी. एकोणिसाव्या लेण्यात शिवलिंग, त्याच्या छतावर रामायण-महाभारतातले प्रसंग. शेजारपाजारच्या लेण्यांत गणपती. म्हणजे आजोबांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर घेतलेल्या, या देवांना न मानण्याच्या पहिल्या तिन्ही प्रतिज्ञा एकाच डोंगरात समोर येऊन उभ्या राहतात! थोड्या अंतरावर गौर लेणं आहे, तिथे चौऱ्याऐंशी सिद्ध भिंतीवर ओळीने बसलेत. छोट्या छोट्या चौकटी, प्रत्येकीत एक जण. झिजून नाकं गेलीत, पण बसण्याची ढब मात्र ज्याची त्याची निराळी. एक जण चांगलाच कंटाळलेला दिसतो.

लेणं नेमकं कुणाचं, यावर भांडणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींना मी इथे आणून दिवसभर बसवीन. भिक्खूंना हाकलून दिलं की ते आपणहून सोडून गेले, हे दगड बघून मला तरी ठरवता आलं नाही. व्यापार आटला, दान आटलं, की विहार ओस पडायला वेळ लागत नाही. ओस घरात कोणी ना कोणी शिरतंच. मात्र मूळ घर कुणी बांधलं ते पाटीवर ठसठशीत यायला हवं. याबाबतीत मी तुमच्याच बाजूची.


आंजर्ले, रविवार

प्रिय बाबा,
जयभीम.

घाईत लिहितेय. काकूंसोबत कड्यावरच्या गणपतीला जाऊन आले. हात जोडले नाहीत, काकूंनीही विचारलं नाही. देऊळ मूळचं लाकडी, दगडी बांधकाम अठराव्या शतकातलं. वरून खाडीचं तोंड, नारळी-पोफळीचा पट्टा आणि पलीकडे सुवर्णदुर्ग असं सगळं एकदम दिसतं.

उद्या मंडणगडच्या एसटीने आंबडव्याला जाते. बाबासाहेबांच्या सकपाळ घराण्याचं मूळ गाव तुमच्याआधी मी बघणार, याचा राग मानू नका. त्यांचे वडील रामजी बाबा पेन्शनीत निघाल्यावर दापोलीच्याच कॅम्पात राहिले होते ना? शनिवारी तिथे दोघातिघांना विचारलं, प्रत्येकाने निराळी आळी दाखवली. तुमच्याकडच्या खैरमोड्यांच्या आंबेडकर-चरित्राच्या पहिल्या खंडात काय दिलंय ते बघून फोनवर सांगा. परतीची गाडी खेडहून आहे, त्याआधी पुन्हा दापोलीत उतरता येईल.

आईला सांगा, आमसुलं घेतलीत, वाळलेली मासळी नाही.

तुमची,
सुजाता