ड्रेस्डेनच्या शस्त्रागारातले गणवेश

ड्रेस्डेन शहरात सात किंवा आठ नंबरच्या ट्रामने उत्तरेकडे निघालात की श्टाउफेनबेर्ग यांच्या नावाच्या रस्त्यावरचा थांबा लागतो. हे श्टाउफेनबेर्ग म्हणजे २० जुलै १९४४ रोजी हिटलरच्या टेबलाखाली बाँबची बॅग ठेवणारे कर्नल. तिथून थोडे चालले की समोर राजवाड्यासारखी एक जुनी इमारत दिसते आणि तिच्या अंगात काचेची आणि पोलादाची भलीमोठी पाचर ठोकलेली दिसते. ओंडका फोडताना कुऱ्हाड मध्येच अडकून राहावी तशी. इमारत १८७० च्या दशकातली, सॅक्सनीच्या सैन्याचे शस्त्रागार. पूर्व जर्मनीच्या काळात इथे त्यांच्या सेनेचे संग्रहालय होते. २०११ साली वास्तुकार डॅनियल लिबेस्किंड यांच्या या पाचरीसह जर्मन सेनेचे संग्रहालय नव्याने उघडले.

मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त या शहरात राहतात, म्हणून मी तिथे गेलो होतो. जावई म्हणाले, "बाबा, एवढी चित्रं आहेत, चिनी मातीची भांडी आहेत, आणि तुम्ही मिलिटरीचे कपडे बघायला जाणार?" आता बेळगावच्या माणसाला हे काय सांगायचे! मराठा सेंटरचा बिगुल ऐकत आणि कॅम्पातून जाणाऱ्या जवानांच्या खांद्यावरचे स्टार मोजत आमचे बालपण गेले. कॅप्टनचे तीन आणि मेजरचा सिंह हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होते.

ते स्टारचे गणित मात्र जर्मन गणवेशापुढे कोलमडते. तिथला लेफ्टनंट म्हणजे खांद्यावर चंदेरी दोऱ्यांची सपाट पट्टी, स्टार एकही नाही. ओबरलेफ्टनंटला एक, कॅप्टनला, म्हणजे त्यांच्या हाउप्टमानला, दोन. मेजर झाला की स्टार पुन्हा शून्यावर, पण दोरी वेणीसारखी गुंफलेली. त्या वेणीवर पुन्हा एक, मग दोन. जनरलची वेणी सोनेरी आणि मोजणी परत शून्यापासून. दुसऱ्या महायुद्धापर्यंतची ही पद्धत. हुद्दा ओळखायला आधी दोरी पाहायची, मग स्टार.

त्याहून मजेशीर त्यांची रंगांची भाषा. खांद्याच्या पट्टीची कड ज्या रंगाची, त्यावरून शिपाई कोणत्या शाखेचा ते कळे. पायदळ पांढरे, तोफखाना लाल, घोडदळ सोनेरी पिवळे, सुरुंग लावणारे आणि पूल बांधणारे काळे, संदेश दळणवळणवाले लिंबाच्या रंगाचे. आणि रणगाडेवाले चक्क गुलाबी! काळ्या जाकिटावर गुलाबी कड. आजच्या जर्मन सेनेतही रणगाडा दलाचा रंग गुलाबीच आहे.

जुन्या दालनांतून हिंडताना एक गोष्ट ध्यानात येते. जर्मनी नावाचा एकच गणवेश फार उशिरा आला. १८७१ साली साम्राज्य झाले, तरी प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि वुर्टेम्बर्ग यांची सैन्ये आपापली राहिली. प्रशियाचा शिपाई गडद निळ्या कोटात, बव्हेरियाचा फिकट निळ्यात. टोपीवरचा रंगीत बिल्लाही ज्याच्या त्याच्या राज्याचा. प्रशियाचा काळा-पांढरा, बव्हेरियाचा निळा-पांढरा, सॅक्सनीचा हिरवा-पांढरा. सगळ्या साम्राज्याचा म्हणून काळा-पांढरा-लाल बिल्ला सोबत आला तो १८९७ मध्ये. त्याच साली जर्मन कारखान्यातली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहार-बंगालमधल्या निळीच्या धंद्याला उतरती कळा लागली. पुढे दहा-बारा वर्षांत जर्मन सैन्याने निळा रंग रणांगणावरून काढूनच टाकला. लांब पल्ल्याच्या रायफलीपुढे निळा कोट म्हणजे नेमबाजाला आमंत्रण. आलेल्या नव्या रंगाचे नाव फेल्डग्राउ, म्हणजे रानातला करडा. डोक्यावरचे टोकदार चामडी शिरस्त्राण १८४२ पासूनचे. ते परेडला रुबाबदार, पण तोफगोळ्याच्या तुकड्यांपुढे कुचकामी. १९१६ साली व्हेर्दूनच्या लढाईच्या सुमारास पोलादी हेल्मेट आले, आणि जर्मन शिपाई म्हटला की डोळ्यांपुढे जे येते ते हेच.

आता मी ज्यासाठी गेलो होतो ते सांगतो. आमच्या गावच्या घरात एका पत्र्याच्या ट्रंकेत पट्ट्याचे एक चौकोनी बकल आहे. माझे चुलत आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात आणि नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्याच मोहिमेत. समोर जर्मन होते. परत येताना आजोबांनी हे बकल आणले. कुठे मिळाले, कोणाचे होते, हे त्यांनी कुणालाच सांगितले नाही. विचारले की अंगणात निघून जात. बकलवर गरुड, त्याच्या पायात स्वस्तिक, आणि भोवती काही अक्षरे. स्वस्तिक आहे म्हणजे शुभच, असे धरून आजी दरवर्षी खंडेनवमीला कोयता, विळा, कुऱ्हाडीशेजारी तेही मांडायची आणि हळदकुंकू वाहायची.

मी सोबत फक्त फोटो नेला होता. वस्तू आणू नका, असे मुलीने आधीच बजावले होते. नाझी संघटनांची चिन्हे लोकांत मिरवणे हा जर्मनीत गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला अशा कारणांसाठी सूट आहे, म्हणून संग्रहालयात ती दिसतात. शनिवारी एल्बे नदीकाठी जुना बाजार भरतो, तिथे एका टेबलावर मी जुने बिल्ले पाहिले. प्रत्येकाच्या मधोमध कागदाचा एवढासा तुकडा चिकटवलेला. खाली काय आहे ते सगळ्यांना ठाऊक. मुलगी दिवाळीत दाराबाहेर ठिपक्यांची रांगोळी काढते, स्वस्तिक आत देवापाशी. "शेजारच्या आजींना काय वाटेल, सांगता येत नाही," म्हणते. मला वाईट वाटले, पण तिचे चुकते असेही म्हणवेना.

दालनातल्या एका वयस्कर कर्मचाऱ्यांना फोटो दाखवला. मुलगी दुभाषी. त्यांनी चष्मा वर केला आणि अक्षरे वाचली: गॉट मिट उन्स. देव आमच्या सोबत. प्रशियाच्या शिपायाच्या पट्ट्यावर हे शब्द १८४७ पासून होते. शेजारच्या सॅक्सनीच्या बकलवर लॅटिन शब्द होते, ईश्वरी कृपेचे स्मरण ठेवणारा अशा अर्थाचे. बव्हेरियाच्या बकलवर 'निष्ठेत अढळ'. राजे १९१८ साली गेले, तरी 'गॉट मिट उन्स' राहिले. नाझींच्या काळात गरुडाच्या पायात त्यांचे चिन्ह आले. १९३४ च्या ऑगस्टमध्ये शिपायांना हिटलरच्या नावाने शपथ घ्यायला लावली. देवाचे नाव तेवढे होते तिथेच ठेवले. हे ऐकून मला आमच्या आजीचे हळदकुंकू आठवले आणि काही वेळ काही बोलवेना.

ते गृहस्थ पुढे म्हणाले, हे अधिकाऱ्याचे नव्हे. अधिकाऱ्यांच्या पट्ट्याला साधी दोन खिळ्यांची चौकट असे, अक्षरे नसत. हे साध्या शिपायाचे. मागच्या कातडी पट्टीवर कारखान्याचे नाव आणि साल सापडते, ते आहे का? आमच्या बकलची ती पट्टी कधीच झिजून गेली. नाव तर बकलवर कधीच नसते. ओळख असते ती गळ्यातल्या लंबगोल पत्र्यावर, आणि तिथेही नाव नाही, तुकडी आणि क्रमांक. मधोमध छिद्रांची रेघ. शिपाई पडला की पत्रा त्या रेघेवर मोडायचा, अर्धा प्रेतासोबत, अर्धा कचेरीत.

ड्रेस्डेनच्या उत्तरेला पाऊण तासावर क्यॉनिग्सब्रुक नावाचे गाव आहे. तिथल्या छावणीत ऑगस्ट १९४२ मध्ये आपल्याच लोकांनी हाच करडा गणवेश घालून शपथ घेतली. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी युद्धकैद्यांतून सुभाषबाबूंनी उभारलेली ही फौज. शिखांच्या डोक्यावर फेटा, आणि बाहीवर केशरी-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांवर झेपावणारा वाघ, वर जर्मन भाषेत 'स्वतंत्र भारत'. छातीवर मात्र तोच गरुड. आमचे आजोबा ज्या गणवेशावर गोळी झाडत होते, तो अंगात घातलेली आपलीही माणसे युरोपात होती. घरात हे कुणी कधी बोलले नव्हते. यात कोण बरोबर हा वाद घालायची माझी पात्रता नाही, पण काचेपुढे उभे राहिल्यावर तो कोट नुसता शत्रूचा म्हणून पाहता येईना.

युद्धानंतर जर्मनांना गणवेशाची एकेक वस्तू निवडावी लागली. पश्चिम जर्मनीने १९५५ साली नवी सेना उभारताना जुना घाट टाकून अमेरिकी धाटणीचा कोट शिवला. बकलवरचा देव गेला, तिथे 'एकता, न्याय, स्वातंत्र्य' आले. १९५७ च्या कायद्याने जुन्या सैनिकांना युद्धातली पदके लावायला परवानगी मिळाली, पण स्वस्तिक काढून. लोखंडी क्रॉसच्या मधोमध ओकची पाने आली. पूर्व जर्मनीने उलट केले. समाजवादी राज्य, पण गणवेशाचा घाट बराचसा जुनाच. बकलवर हातोडा आणि कंपास, शब्द नाहीत. १९९० मध्ये ते राज्यच संपले.

पाचरीच्या आत वर चढून गेले की एक सज्जा आहे. तिथून जुने शहर दिसते. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्रीपासून झालेल्या बाँबहल्ल्यांत इथे पंचवीस हजारांपर्यंत माणसे मेली, असा अभ्यासकांचा आकडा आहे. त्यात गणवेश नसलेलेच जास्त. खाली मैदानात शाळेची मुले ओळीने उभी राहून हजेरी देत होती.

निघताना त्या गृहस्थांनी एका चिठ्ठीवर दोन नावे लिहून दिली. फ्लॉरेन्स आणि बोलोन्याच्या मध्ये फुटा खिंडीत जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे, तीस हजारांहून अधिक माणसे तिथे आहेत. आणि फोर्ली गावाजवळ हिंदी सैनिकांची, ज्यांना अग्नी दिला त्यांच्या स्मारकासह. ती चिठ्ठी मी पाकिटात ठेवली आहे. पुढच्या वर्षी इटलीची तिकिटे काढायची, असे मुलीने कबूल केले आहे.