शंखांचं प्रजासत्ताक

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन, हे मला अजूनही बोटांवर मोजावं लागतं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर रूममेटला धरा, कारण हा लेख तिनेच तपासलाय. 'रूममेट' म्हणते खरी, पण ती आता माझी रूममेट नाही. तोच तर सगळा घोळ आहे.

झालं असं, की फेब्रुवारीत आम्हाला कम्युनिकेशनच्या प्रॅक्टिकलला प्रेझेंटेशन होतं. विषय : 'कोणत्याही एका देशाचा राष्ट्रीय सण'. रोल नंबरप्रमाणे देश घ्यायचे होते. फ्रान्स, अमेरिका, जपान असे गुळगुळीत देश आधीच्या नंबरांनी उचलले आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर जगात काही शिल्लक उरलं नाही. मग मी म्हटलं, देश संपले तर स्वयंघोषित देश घेऊ.

विश्वास ठेवा, असे देश खूप आहेत. इंग्लंडच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर, समुद्रात दोन खांबांवर उभा असलेला दुसऱ्या महायुद्धातला एक जुना तोफांचा फलाट आहे. रॉय बेट्स नावाच्या गृहस्थांनी तो ताब्यात घेऊन २ सप्टेंबर १९६७ ला 'सीलँड' हा देश जाहीर केला. तारीख का ती? तर बायकोचा वाढदिवस! राष्ट्रीय सण आणि वाढदिवस एकाच केकमध्ये. आमचे बाबा असे असते तर आईने त्यांना माफ केलं असतं की नाही, सांगता येत नाही.

दुसरा देश लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसमध्ये आहे. उझुपिस. म्हणजे नदीपलीकडचा. पडीक वस्तीत राहायला आलेल्या कलाकारांनी १ एप्रिल १९९७ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. दर १ एप्रिलला नदीवरच्या पुलावर 'सीमारक्षक' उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पासपोर्टवर शिक्के मारतात. त्यांच्या घटनेत ४१ कलमं आहेत. कुत्र्याला कुत्रा असण्याचा हक्क आहे, माणसाला आळशी असण्याचा आहे आणि चुकण्याचाही आहे. हे शेवटचं मी रूममेटला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "युनिव्हर्सिटीला कळवलंय का कोणी?"

पण माझा देश ठरला तिसराच. काँच रिपब्लिक. काँच म्हणजे मोठा समुद्री शंख. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला बेटांची एक माळ आहे, तिच्या शेवटाला की वेस्ट हे गाव. तिथले मूळ रहिवासी स्वतःला 'काँच' म्हणजे शंख म्हणवतात. (आपल्याकडे 'शंख' कोणाला म्हणतात ते सांगायला नको. माझ्या पहिल्या स्लाइडला मागच्या बाकांवरून नेमका तोच हशा आला.)

या बेटांना मुख्य भूमीशी जोडणारा हमरस्ता एकच. १९८२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या बॉर्डर पेट्रोलने त्या रस्त्यावर नाकाबंदी केली. बेकायदा आलेले लोक आणि अमली पदार्थ शोधायला. बेटांवरून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी थांबवायची, माणसांना विचारायचं, तुम्ही या देशाचे नागरिक कशावरून? मैलोन्‌मैल रांगा लागल्या. पर्यटकांवर पोट असलेल्या गावाची बुकिंगं रद्द व्हायला लागली. महापौर डेनिस वॉर्डलो कोर्टात गेले, तिथे काही हाती लागलं नाही. मग ते म्हणाले, आम्हाला परक्या देशासारखं वागवता ना, मग घ्या, आम्ही परका देश! २३ एप्रिल १९८२ ला दुपारी गावच्या चौकात जाहीरनामा वाचून की वेस्ट अमेरिकेतून फुटून निघालं. लगेच युद्ध पुकारलं. युद्ध म्हणजे काय, तर नौदलाचा गणवेश घातलेल्या एका माणसाच्या डोक्यावर शिळा क्यूबन पाव मोडला. एका मिनिटाने शरणागती पत्करली आणि पराभूत राष्ट्र म्हणून पुनर्वसनासाठी शंभर कोटी डॉलरची मदत मागितली!

पैसे अर्थातच मिळाले नाहीत. नाकाबंदी मात्र उठली. तेव्हापासून दर एप्रिलला तिथे कितीतरी दिवस स्वातंत्र्योत्सव चालतो. निळ्या झेंड्यावर सूर्य आणि शंख. रस्त्यातून चाकं लावलेल्या पलंगांच्या शर्यती. आणि समुद्रात 'महायुद्ध', ज्यात खऱ्याखुऱ्या कोस्ट गार्डच्या बोटीवर पाण्याचे फवारे आणि शिळे पाव फेकतात, आणि कोस्ट गार्डवालेही पाण्याने उत्तर देतात. मला ही गोष्ट भारी वाटते. ज्या सरकारवर चिडून हा देश जन्मला, तेच सरकार दर वर्षी त्याच्या सणाला मार खायला हजर!

आमच्या शाळेतला १५ ऑगस्ट मला आठवतो. आदल्या रात्री कॅनव्हासच्या बुटांना खडू फासायचा, सकाळी मार्च-पास्ट, भाषणात एक तरी मुलगी चक्कर येऊन पडायची, मग वेफर्स आणि पेढा. मला तो सण आवडायचा, अजूनही आवडतो. पण 'हा आपला देश कशावरून' असं आम्हाला कधी कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर काय वाटलं असतं, ते मी रूममेटकडे बघून शिकले.

तिला सेकंड इयरला वायडी लागली. एम-थ्री आणि आणखी काही विषय, त्यांची नावं घेत नाही, जखमेवर मीठ नको. नियम असा, की हॉस्टेलची खोली फक्त रेग्युलर विद्यार्थिनींना. जुलैमध्ये निकाल लागला आणि आठवड्यात तिची गादी, बादली आणि दोरीवरचे कपडे गेटबाहेर. कॉलेजच्या मागच्या गल्लीत तिने कॉट बेसिसवर जागा घेतली. घरी सांगितलंच नाही. आई-बाबांच्या हिशेबी ती अजून आमच्याच खोलीत राहते आणि थर्ड इयरला आहे.

ती रोज संध्याकाळी यायची. ज्या मावशी दोन वर्षं तिला "कुठं उंडारत होतीस गं?" म्हणून ओरडायच्या, त्यांनाच आता तिच्यासमोर रजिस्टर सरकवावं लागायचं. नाव. कोणाकडे. कारण. येण्याची वेळ. जाण्याची वेळ. व्हिजिटरला वर सोडायचं नाही, खालच्या व्हिजिटर्स रूममध्येच बसायचं. मावशी तिच्याकडे न बघता पेन द्यायच्या. हळूहळू तिचं येणं कमी झालं. मार्चमध्ये तर ती दोनदाच आली.

२३ एप्रिलची कल्पना माझी, हे मी अभिमानाने सांगते. सबमिशनचे दिवस होते, सगळ्या जणी शीट्समध्ये बुडालेल्या. तरी आम्ही सहा जणी खाली उतरलो आणि संध्याकाळी सात वाजता व्हिजिटर्स रूम हे स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं. झेंडा म्हणजे ड्रॉइंग शीटवर काढलेला शंख, जो बघून सगळ्यांना जिलबी वाटली. रूममेटला फोन करून बोलावलं, कशासाठी ते सांगितलं नाही. गेटवर तिने सवयीने रजिस्टर भरलं. मग 'सीमेवर' मी उभी! तिच्या मनगटावर बटाट्याचा ठसा मारला आणि विचारलं, "कारण?" ती दोन मिनिटं नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "राहते मी इथे."

मला पुढचं वाक्य सुचेना. तेवढ्यात कोणीतरी "युद्ध!" म्हणून ओरडलं. आमच्या मेसचा सकाळचा पाव संध्याकाळपर्यंत शस्त्र म्हणून वापरण्याइतका तयार असतोच. तो मावशींच्या डोक्यावर मोडायची हिंमत नव्हती, म्हणून टेबलावर आपटला. आवाज ऐकून मावशी आल्या. आम्ही ताबडतोब शरणागती पत्करली आणि रीतसर अर्ज दिला. पुनर्वसनासाठी मदत : हिला नऊ वाजेपर्यंत वर सोडणे.

मावशींनी अर्ज वाचला. झेंडा बघितला. "जिलबी कसली काढलीय?" म्हणाल्या. मग रजिस्टर मिटून काखेत मारलं आणि, "मॅडम मीटिंगला गेल्यात. नऊ म्हणजे नऊ. आणि हे तुकडे झाडून घ्या आधी."

तिच्या जुन्या कॉटवर आता फर्स्ट इयरची एक मुलगी असते. तिने न सांगता जागा करून दिली. मॅगी झालं, कोणाचं तरी जर्नल पूर्ण करून झालं. साडेआठला तिच्या आईचा फोन आला. नेहमीसारखाच, कुठे आहेस, जेवलीस का. "हॉस्टेलवर आहे आई," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, "नऊ महिन्यांत आज पहिल्यांदा खरं बोलले."

नऊला दोन मिनिटं असताना ती खाली उतरली.

हे लिहायला तिची परवानगी आहे, पण एका अटीवर. एम-थ्रीचा पेपर मे महिन्यात आहे आणि हा अंक निघेल निकालानंतर. त्याआधी ती घरी सांगणार आहे, निकाल काहीही लागो. नाही सांगितलं तर संपादकांकडून लेख परत घ्यायचा, असं ठरलंय.